बरोबर झालेलं घड्याळ

१

सूनबाई शाळेत शिकवून घरी आली तेव्हा दार सताड उघडं होतं, उतू गेलेलं दूध शेगडीवर वाळून करपलं होतं आणि घरात चिटपाखरूही नव्हतं.

"आई?" तिनं हाक मारली. "बाबा?"

उत्तर देणार कोण? सासऱ्यांच्या खोलीत पलंग रिकामा होता. चादर अर्धी खाली लोळत होती, नाकात घालायची नळी फरशीवर पडली होती आणि कोपऱ्यात ऑक्सिजनचं मशीन गप्प उभं होतं. हे मशीन म्हणजे गुडघ्याएवढं, चाकांवरचं, दिवसरात्र घरघरणारं एक कपाट. हवा आत ओढायची, तिच्यातला ऑक्सिजन गाळून नळीत सोडायचा, एवढंच त्याचं काम. पण त्या एवढ्याशा कामावर सासऱ्यांचा श्वास चालायचा. आयुष्यभर बस चालवून, धूर खाऊन त्यांची फुप्फुसं पार थकली होती. आता मशीनच्या पडद्यावर एक लाल ठिपका होता आणि खाली एक ओळ: 'सेवा केंद्राशी संपर्क साधा.'

सूनबाईनं बटण दाबलं, पुन्हा दाबलं.

शेजारच्या काकू धावत आल्या. "अगं, नेलं गं त्यांना दवाखान्यात! ओठ निळे पडले होते. तुझ्या सासूबाई किंचाळल्या तेव्हा आम्हाला कळलं. ते राखीव सिलिंडर त्यांच्याच्यानं उघडलं नाही. किल्ली हातात धरून नुसत्या थरथरत होत्या."

ती तशीच निघाली. अतिदक्षता विभागाच्या दाराशी नवरा डोकं धरून बसला होता, सासूबाई भिंतीला टेकल्या होत्या आणि मोठे दीर येरझाऱ्या घालत होते. तिला पाहताच ते थांबले.

"मशीन बाहेरच्या माणसाकडून उघडून घ्यायची अक्कल कुणाची?" ते म्हणाले. "बाबांना काही झालं ना, तर तुझ्यामुळे झालं असं मी चारचौघांत सांगेन."

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. त्यानं मान वर केली नाही.

घर फिरलं की घराचे वासेही फिरतात म्हणतात. सूनबाईचं घर त्या बाकड्याजवळ, दोन मिनिटांत फिरलं.

२

झालं होतं ते असं. महिन्याभरापूर्वी मशीनचा पंखा खडखडायला लागला. आतली गरम हवा बाहेर फेकणारा हा तळहाताएवढा पंखा. कंपनीला फोन केला तर उत्तर आलं, "पंखा सुटा मिळत नाही. अख्खा खालचा भाग बदलावा लागेल, मशीन तीन-चार आठवडे आमच्याकडे राहील." आणि किंमत ऐकून तर सासरे म्हणाले, "नाकापेक्षा मोती जड! बसचं वायपर गेलं म्हणून कुणी इंजिन बदलतं का?"

मग सूनबाईनंच पुढाकार घेतला. बाजाराच्या कोपऱ्यावर पंखेवाले काका बसत. पंखे, मिक्सर, पाण्याचे पंप, हाताला लागेल ते उघडायचे. एक रात्र सासऱ्यांना भाड्याच्या मोठ्या सिलिंडरवर ठेवून तिनं मशीन काकांकडे दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला दुकान उघडल्या उघडल्या त्यांनी नवा पंखा बसवून परत दिलं. पंधरवडाभर ते खडखड न करता चाललं. आणि काल, मंगळवारी दुपारी, बंद पडलं.

आज सकाळी कंपनीचा निरोप आला. 'अनधिकृत दुरुस्तीमुळे यंत्र बंद पडले असून जबाबदारी सर्वस्वी ग्राहकाची आहे. यंत्र आज सायंकाळी सहा वाजता तपासणीसाठी नेण्यात येईल.' दिरांनी लगेच होकार कळवून टाकला.

सासऱ्यांना अजून शुद्ध नव्हती. सूनबाई रिकाम्या पलंगाच्या कडेवर बसली होती आणि तिच्या मनात एकच प्रश्न फिरत होता: माझ्या हातून झालं का हे? तिला खरंच माहीत नव्हतं, आणि तेच तिला खात होतं. मशीन एकदा कंपनीच्या दारात गेलं की ते सांगतील तेच खरं. मग जन्मभर या घरात ती सासऱ्यांच्या जिवावर उठलेली सून म्हणून राहणार.

तिनं डोळे पुसले आणि मावशीला फोन लावला.

मावशी विमा कंपनीत नुकसानीची तपासणी करायची. जळालेली दुकानं, बुडालेले ट्रक आणि रात्रीत गायब झालेली गोदामं बघण्यात तिची हयात गेली. निवृत्त झाली, पण खोड गेली नाही. सगळे नातेवाईक तिला 'चौकशीमावशी' म्हणत, अर्थात पाठीमागे.

"मशीनला कुणी हात लावू देऊ नकोस," मावशी म्हणाली. "आणि रडायचं असेल तर मी येईपर्यंत रडून घे. मग वेळ मिळायचा नाही."

३

मावशीनं आल्या आल्या पंखेवाल्या काकांना बोलावून घेतलं. काका आले ते घाबरूनच. दारातच चप्पल तीनदा काढली-घातली.

"बाई, मी गरीब माणूस नाही, पण भित्रा आहे," ते म्हणाले. "पोलीस वगैरे येणार आहेत का?"

"अजून नाही. पंखा कुठला बसवलात?"

काकांनी गळा साफ केला. "नवा."

"काका."

"नवाच म्हणायचा! दुसऱ्या एका मशीनचा. ते पाण्यात भिजून मेलं होतं, पण पंखा वापरलेलाच नव्हता. मापं तीच, ताकद तीच. आईशपथ सांगतो, चांगला होता. भंगारातला म्हणालो असतो तर तुम्ही बसवू दिला असता का?"

सूनबाई मशीनपासून एक पाऊल मागे सरली. भंगारातला! म्हणजे दीर बरोबर होते की काय?

मावशीनं तिच्याकडे पाहिलंही नाही. "बाहेरूनच दाखवा, झाकण न काढता."

काकांनी मागच्या जाळीतून टॉर्च मारला आणि फुंकर घातली. पाती सरसर फिरली. मावशीनं गुडघे टेकून जाळीला नाक लावलं.

"मी जळालेली चाळीस दुकानं हुंगली आहेत," ती उठत म्हणाली. "यातलं काहीही जळालेलं नाही. पंखा अडकलेला नाही, तापलेला नाही. मग मशीन थांबलं कशानं?"

"तेच तर कळत नाही! पडदा काही सांगत नाही. फिल्टर मळला तरी 'सेवा केंद्राशी संपर्क', मरायला टेकलं तरी तेच. आतलं बोलणं ऐकायचं तर कंपनीची केबल लागते. ती बाहेर कुणाला देत नाहीत."

"इंटरनेट?"

"या मॉडेलला नाही. हे आपलं जुनं, एकलकोंडं आहे."

मावशीनं मशीनकडे नजर टाकली. "पावणेपाच झाले. सहाला त्यांचा माणूस येईल. पोरी, सासूबाईंना आणि दिरांना दवाखान्यातून बोलावून घे."

सूनबाईला क्षणभर काहीतरी खटकलं. काय ते कळेना. पण मन थाऱ्यावर कुठं होतं? तिनं फोन उचलला.

४

दीर आले तेच तणतणत. "मावशी, तुम्ही मोठ्या आहात म्हणून आलो. यात शोधायचं काय? बाहेर उघडलं, बिघडलं."

"बाहेर उघडलं तेव्हापासून मंगळवारपर्यंत ते छान चाललं," मावशी शांतपणे म्हणाली. "म्हणून मला मंगळवार हवाय. मंगळवारी या खोलीत कोण कोण आलं?"

"घरचीच माणसं," दीर म्हणाले.

सासूबाईंनी चमकून मुलाकडे पाहिलं आणि लगेच पदराशी चाळा सुरू केला. मावशीच्या नजरेतून ते सुटलं नाही.

"विहीणबाई, घरचीच?"

"तो... निळ्या शर्टातला माणूस आला होता सकाळी," सासूबाई पुटपुटल्या. "कंपनीचा. मोफत तपासणी म्हणाला. मी चहा टाकायला गेले."

सूनबाई उभीच राहिली. "कंपनीचा माणूस आला होता? मला कुणीच बोललं नाही!"

"मी बोलावला होता," दीर खेकसले. "त्या पंखेवाल्यावर माझा विश्वास नव्हता. बघून जा म्हटलं. त्यात चूक काय? आणि त्यानं काही केलं नाही. मी मघाशीच फोनवर विचारलं. म्हणाला, बाहेरून पुसलं, फिल्टर झटकला आणि निघालो."

"मग लपवलंत कशाला?"

दिरांनी खिडकीबाहेर पाहिलं. खरं म्हणजे भावजयीच्या पाठीमागे तिचीच तपासणी लावल्याचं कबूल करायला जीभ रेटत नव्हती.

मावशी पुन्हा मशीनपाशी वाकली. मशीनच्या डाव्या अंगाला बारीक भोकं होती. धोक्याचा बीप तिथून वाजतो. मावशीनं बोट फिरवलं आणि बोट किंचित चिकटलं. भोकांभोवती डिंकासारखा चौकोन होता, त्यावर कापसाचे तंतू.

"इथं काहीतरी चिकटवलेलं होतं," ती म्हणाली.

सासूबाई एकदम उठल्या. "दवाखान्यात निघते मी. तिथं कुणी मोठं माणूस नको का?"

"बसा," मावशी म्हणाली. आवाज मऊ होता, पण सासूबाई बसल्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. सूनबाईनं ते पाहिलं आणि तिची भीती दुप्पट झाली. या घरात प्रत्येकजण काही ना काही दडवत होता. आणि घड्याळ पुढे पळत होतं.

५

मावशी सूनबाईला स्वयंपाकघरात घेऊन गेली. "आता मला मोठ्या गोष्टी नकोत. बारीकसारीक सांग. सासरे पडून पडून काय करायचे? कुणाला चिडवायचे?"

"मावशी, वेळ काय, तू विचारतेस काय!"

"सांग गं."

सूनबाई ओट्याला टेकली. "मलाच चिडवायचे. रोज सकाळी मी चहा घेऊन गेले की विचारायचे, 'किती वाजले?' मी म्हणायचे, आठ. मग मशीनकडे बोट दाखवायचे. 'खोटं! माझ्या मशीनच्या गावात आत्ता मध्यरात्र आहे. मध्यरात्री चहा देणारी सून आमच्याच नशिबी.' मंगळवारी सकाळी शाळेत जाताना पण तेच म्हणाले."

"मध्यरात्र का?"

"ते... काकांनी पंखा बसवताना आतला छोटा सेल काढला होता. सकाळी आठला परत लावला आणि मशीनचं घड्याळ तिथून शून्यापासून सुरू झालं, आठ तास मागे. काका म्हणाले, 'मशीनचे बारा वाजवून परत देतोय. वेळ चुकीची दाखवेल, दम मात्र बरोबर देईल.' त्यांना ते लावता येत नाही..."

ती बोलता बोलता थांबली. मावशी तिच्याकडे पाहत होती, ती मावशीकडे. दोघी एकदमच सासऱ्यांच्या खोलीकडे धावल्या.

मशीनच्या पडद्यावर, लाल ठिपक्याच्या वर, कोपऱ्यात वेळ होती. पाच वाजून चाळीस. सूनबाईनं मनगट वर केलं. पाच चाळीस.

"अगं बाई!" मावशीनं कपाळावर हात मारला. "मघापासून मी यातच वेळ बघतेय! काखेत कळसा म्हणतात तो हाच. पोरी, घड्याळ चुकीचं असतं तर तू अडकली असतीस. बरोबर आहे म्हणून सुटलीस."

दारावरची घंटा वाजली. कंपनीचा माणूस वेळेआधीच आला होता.

६

निळ्या शर्टातला माणूस तिशीचा, घामेजलेला. खांद्याला काळी बॅग. त्याला खोलीत शिरल्या शिरल्या मशीन ढकलत न्यायचं होतं, पण मावशीनं हातात चहाचा कप दिला. कप धरलेला माणूस मशीन ढकलू शकत नाही.

"एक शंका," मावशी भोळेपणानं म्हणाली. "या मशीनचं घड्याळ आम्हाला घरी लावता येतं का हो?"

"नाही मावशी. आमची केबल जोडली की ते आपोआप बरोबर होतं. दुसरा मार्गच नाही." त्यात थोडा अभिमानही होता.

"बाजारातला माणूस?"

"त्याच्या बापाला जमणार नाही."

दारापाशी उभे असलेले पंखेवाले काका खाकरले.

"आणि मंगळवारी तुम्ही केबल जोडली नव्हती."

"नाही. बाहेरून पुसलं, बस. या साहेबांना फोनवर सांगितलंय मी."

"बरं. किती वाजले बघा हो जरा. त्या मशीनमध्येच बघा."

त्यानं पाहिलं. "पाच पन्नास."

"तुमच्या मनगटावर?"

"पाच पन्नास." तो हसला. मग कुणीच हसत नाही असं पाहून त्याचं हसू विरलं.

"मंगळवारी सकाळी मी घरातून निघाले," सूनबाई म्हणाली. तिनं मशीनच्या पडद्यावर बोट ठेवलं. "तेव्हा या घड्याळात मध्यरात्र होती. पंधरवडाभर रोज सकाळी असायची. त्यानंतर या घरात केबल घेऊन एकच माणूस आला."

कपातला चहा बशीत सांडला. तो कॉटच्या कडेवर बसला. "मला घड्याळाचं लक्षातच आलं नाही," तो अगदी हळू म्हणाला. "आमच्याकडं सगळी मशीनं बरोबरच वेळ दाखवतात."

"काय केलंत?" दीर ओरडले.

"केबल जोडली. पडद्यावर आलं, 'परका भाग आढळला.' असं आलं की केबलमधूनच मशीन बंद पाडणारं कुलूप लावायचं, हा नियम आहे. नाही लावलं तर माझी नोकरी जाते. ते लगेच पडत नाही. दुपारी मशीन स्वतःची तपासणी करतं, तेव्हा थांबतं. ग्राहकाला सांगायचं असतं... पण सांगितलं की लोक भांडतात हो. मला वाटलं, थांबेल, बीप वाजेल, तुम्ही सिलिंडर लावाल, फोन कराल, मी नव्या मशीनची माहिती घेऊन येईन. बीप केवढा मोठा वाजतो! तो ऐकू कसा नाही आला?"

मग सासूबाई रडू लागल्या.

"मी पट्टी लावली होती त्यावर," त्या म्हणाल्या. "जखमेला लावतात तसली, कापूस घालून, दोनदा. जरा कुठं धूळ बसली की ते कोकलायचं. त्यांची झोप मोडायची. मी दूध तापवत होते, मला आलाच नाही ऐकू. नंतर ओढून काढली आणि टाकून दिली. माझ्यामुळेच झालं हे."

सूनबाईच्या छातीवरचं ओझं उतरलं होतं. मी केलं नाही! ओरडून सांगावंसं वाटत होतं तिला. पण कालपासून ज्या प्रश्नानं तिला पोखरलं तोच आता सासूबाईंच्या तोंडावर दिसत होता. ती त्यांच्याजवळ बसली आणि त्यांचा हात धरला.

"आई, रात्रभर उशाशी बसून तुम्ही त्यांची झोप सांभाळलीत. चालतं मशीन तुम्ही बंद नाही केलंत." मग तिनं निळ्या शर्टाकडे पाहिलं. "काढा ते कुलूप."

"लावायला मला कुणाला विचारावं लागत नाही," तो मान खाली घालून म्हणाला. "काढायला वरून परवानगी लागते."

"मग विचारा. आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा करून," मावशी म्हणाली.

फोनवरचे साहेब घाईत होते. "काढायचं कशाला? मशीन इकडे आण."

"सर, बाकी काही बिघाड नाहीये. पंखा व्यवस्थित चालतोय."

"चालू दे ना! मशीन ठणठणीत आहे हे मलाही दिसतंय मंगळवारच्या नोंदीत. पण परका भाग म्हणजे कुलूप. त्यांना लिहून कळवलंय ना, दुरुस्तीमुळे बंद पडलं म्हणून?"

मावशीनं फोन स्वतःच्या तोंडाशी नेला. "नमस्कार. इथं तुमच्या माणसासकट आम्ही सहाजण ऐकतोय. ठणठणीत मशीन तुम्ही बंद केलंत, माणूस मरता मरता वाचतोय, आणि दोष त्याच्या सुनेच्या माथी मारलात. चोराच्या उलट्या बोंबा ऐकल्या होत्या, आज फोनवरही ऐकल्या. कुलूप आत्ता काढता, की उद्या ग्राहक न्यायालयात आम्ही सहाजण हेच शब्द पुन्हा म्हणू? तसे ते म्हणणार आहोतच."

पलीकडे कीबोर्डची खडखड झाली. मग साहेबांनी हळू आवाजात एक आकडा सांगितला. निळ्या शर्टानं बॅगेतून केबल काढली, आकडा टाकला, आणि मशीन एकदा कण्हून घरघरायला लागलं. आत काकांचा भंगारातला पंखा मजेत फिरत होता.

दीर सूनबाईसमोर येऊन उभे राहिले. शेवटी म्हणाले, "चारचौघांत सांगेन म्हणालो होतो. सांगेन. हे सांगेन."

७

सासरे आठवड्यानं घरी आले. वाळून काटकी झाले होते, पण जीभ शाबूत होती. नवऱ्यानं त्यांना उचलून पलंगावर ठेवलं आणि वळून बायकोला म्हणाला, "त्या दिवशी मी मान वर केली नाही." ती म्हणाली, "आता केलीस ना," आणि नळी लावायला वाकली. राग अजून पुरता गेला नव्हता, तो जायला थोडे दिवस लागणार होते.

त्याआधी एका सकाळी आठला तिनं काकांना पुन्हा बोलावलं होतं. पंखा नीट होता, बीपची भोकं सासूबाईंनी स्वतः पुसून लख्ख केली होती.

"मग काम काय?" काकांनी विचारलं.

"घड्याळ बिघडवून द्या," सूनबाई म्हणाली.

काका आधी बघतच राहिले, मग खो खो हसले. जन्मात पहिल्यांदा त्यांना कुणी चालती वस्तू बिघडवायचं काम दिलं होतं. त्यांनी सेल काढला, लावला, आणि मशीनचे पुन्हा बारा वाजवले.

खटला चालू आहे. मावशी तारखांना जाते आणि परत आली की आवाज चढवून सगळं सांगते. पण निकाल लागेल तेव्हा लागेल. मशीन घरात आहे आणि कंपनीच्या केबली बाहेर फिरताहेत. त्यामुळे सूनबाई आता सकाळी चहा घेऊन खोलीत शिरते ती आधी सासऱ्यांच्या तोंडाकडे पाहत नाही. पडद्याच्या कोपऱ्याकडे पाहते. तेवढ्या क्षणापुरता तिचा श्वास अडकलेला असतो.

"काय गं, किती वाजले?" सासरे डोळे मिटूनच विचारतात.

"बारा, बाबा. रात्रीचे."

"मग काही काळजी नाही," ते म्हणतात आणि चहासाठी हात पुढे करतात.